हवा शुद्ध आहे, कृपया बाहेर थांबा

“काका, तुमच्या घरी आहे का हो हे मशीन?”

हा प्रश्न भर दुकानात, खणखणीत आवाजात आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारायचा, अशी पैज माझ्या टोळीनं लावली होती. टोळी म्हणजे टाचणी, भोंगा आणि गोगलगाय. टाचणी कुणालाही टोचते, भोंग्याला हळू बोलता येत नाही आणि गोगलगाय विनोद संपून सगळे गप्प झाले की मग हसते. तिघी दुकानाच्या काचेला बाहेरून नाकं चिकटवून उभ्या होत्या. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देत असे. यंदा मी एक नाटक लिहिलं, ते शाळेच्या स्पर्धेसाठी निवडलं गेलं, दिग्दर्शिकाही मीच झाले, आणि तेव्हापासून माझा आवाज कुणालाही परत आत ढकलता आलेला नाही.

विक्रेते काका टाय सैल करत म्हणाले, “आमच्या घरी? म्हणजे कसंय बेटा, आमच्या घराला खिडक्या आहेत ना.”

काचेपलीकडे भोंगा किंचाळली. गोगलगाय नंतर हसली.

खिडक्या आमच्या घरालाही होत्या. पण समोर मोठा रस्ता, त्यावर बसथांबा, आणि त्या बसथांब्यावर बस थांबली की ती आमच्या हॉलमध्येच थांबल्यासारखी वाटायची. एके सकाळी आई चहाच्या कपात सलग शिंकली. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि गंभीरपणे जाहीर केलं, “आपल्या घरातल्या हवेचं काहीतरी करावं लागेल.” आमच्या घरात ज्या गोष्टीचं ‘काहीतरी करावं लागेल’ असं ठरतं, तिचं पुढे फार होतं.

बाबा झाकणांच्या कारखान्यात गुणवत्ता अधिकारी आहेत. बरण्यांची, बाटल्यांची, डब्यांची झाकणं. घट्ट बसणारं झाकण ही मानवजातीची सर्वोच्च कामगिरी आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. खिडकी म्हणजे त्यांच्या लेखी बसवायचं राहून गेलेलं झाकण.

“हवा शुद्ध करायची,” ते विक्रेत्याला म्हणाले, “आणि शुद्ध झालेली एकदा घरात आली की बाहेर जाऊ द्यायची नाही. बोला, कुठलं घेऊ?”

काकांनी खोली किती मोठी, घरात माणसं किती, झोपताना आवाज चालतो का, असे प्रश्न विचारले. बाबांनी एकाचंही उत्तर न देता प्रत्येक मशीनचं मागचं झाकण बोटानं वाजवून पाहिलं. शेवटी काकांनी एका पांढऱ्याशुभ्र मशीनसमोर अत्तराचा फवारा मारला. मशीनवरचा हिरवा दिवा पिवळा झाला, मग लालभडक झाला आणि आतला पंखा घुमायला लागला.

“बघा!” काका म्हणाले. “लगेच दखल घेतली.”

आई फोन कंपनीच्या तक्रार निवारण कक्षात आहे. तिथलं काम असं, की तक्रार करणाऱ्याला इतकं थांबवून ठेवायचं की त्याचा फोनवरचाच विश्वास उडावा. कुणी कशाची लगेच दखल घेतल्याचं आईनं आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं. तिचे डोळे पाणावले. मशीन घरी आलं.

हॉलमधली मोक्याची जागा त्याला मिळाली. त्याच्या पुढून कुणी जायचं नाही, मागे कुणी उभं राहायचं नाही, झाकण कुणी उघडायचं नाही. ते कशानं लाल होईल याचा नेम नव्हता. अप्पांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

“एक होता तो पुरेसा नव्हता का?” ते मला हळूच म्हणाले.

“ऐकलं मी, अप्पा,” बाबा म्हणाले.

मग बाबांनी कारखान्यातून रबराच्या पट्ट्या आणून सगळ्या खिडक्यांना चिकटवल्या. दारालाही एक लावली. त्यानंतर आमचं दार बंद होताना लोणच्याच्या बरणीसारखा ‘टप्’ असा आवाज यायचा, आणि तो आला की बाबा डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. मशीनवर हिरवा दिवा होता. बाबांच्या मोबाइलवर घरातल्या हवेचा आकडा दिसत होता. आकडा जितका लहान तितकी हवा चांगली. पहिल्या दिवशी तो इतका लहान होता, की बाबांनी त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आत्यानं विचारलं, “वजन आहे का कुणाचं?”

दुसऱ्या दिवशी आईनं कांदा परतला.

जावईबापू आधी पिवळे झाले, मग लाल झाले, मग असे घोंघावले की अप्पांची टोपी उडाली. बाबा धावत स्वयंपाकघरात आले. “काय केलंस तू हे?”

“भाजी करतेय, अहो.”

“ती नंतर कर! आधी हवा!”

जेवणाच्या टेबलावर रीतसर सुनावणी झाली. कांदा, आई आणि गॅसची शेगडी यांची बाजू ऐकून घेतली गेली. निर्णय असा झाला, की यापुढे घरात फक्त उकडलेलं शिजेल. आठवड्याभरात उकडण्यानंही वाफ होते असं लक्षात आल्यावर फक्त थंड शिजेल असं ठरलं. थंड कसं शिजवायचं, हे आईनं विचारल्यावर तिला तो प्रश्न लेखी द्यायला सांगण्यात आलं.

मग घरातली एकेक वस्तू संशयित ठरू लागली. आईची पावडर. बाबांचं बुटाचं पॉलिश. माझी खोडरबराची धूळ, हो, खोडरबराची. आणि अप्पांचा बाम. अप्पांच्या गुडघ्यांना बामाशिवाय चालत नाही, आणि जावईबापूंना बाम चालत नाही. अप्पांनी झाकण नुसतं अर्धं फिरवलं, तरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिवा लाल व्हायचा. अप्पांना यात इतकी मजा येऊ लागली की ते गुडघे दुखत नसतानाही बाम उघडायचे. “बघ हं,” ते मला डोळा मारून म्हणायचे, “आता जावई रुसणार.” आणि जावई रुसायचा. शेवटी बामासह अप्पांची बदली जिन्यात झाली. तिथे त्यांना खुर्ची दिली गेली. त्यांचा दर्जा तोच राहील, असंही सांगण्यात आलं.

इथवर मी हसत होते. खरं सांगते, मला हे सगळं नाटकापेक्षा भारी वाटत होतं. मग टोळी तालमीला आली.

नाटक वादळात सापडलेल्या जहाजाचं आहे. भोंगा कप्तान. टाचणी वादळ. गोगलगाय नांगर, कारण नांगराला एकदाच पडायचं असतं आणि तेही सगळ्यांनंतर. वादळासाठी आम्ही मोठी चादर दोन्ही टोकांनी धरून झटकतो, कप्तान सोफ्यावरून उडी मारते आणि आरोळी ठोकते, “शीड उतरवा!” शाळेचा हॉल फरशीच्या कामासाठी बंद, टाचणीच्या घरी तान्हं बाळ झोपलेलं, भोंग्याच्या शेजाऱ्यांनी तर आधीच हात जोडलेले आणि गोगलगाय राहते पार गावाच्या टोकाला, म्हणून तालीम आमच्याकडेच व्हायची.

चादर एकदा झटकली. जावईबापू लाल झाले, तो लाल रंगही पुरेना म्हणून लुकलुकायला लागले, आणि वर शिटी वाजवली. त्यांना शिटी वाजवता येते हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

“शीड उतरवा!” भोंगा ओरडली. तिला वाटलं शिटी नाटकातलीच.

बाबा आतून आले ते हातात मोबाइल धरूनच. आकडा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुलींकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग पुन्हा मुलींकडे.

“या बाह्य स्रोत आहेत,” ते म्हणाले.

“बाबा, या माझ्या मैत्रिणी आहेत.”

“मैत्रिणी आहेत हे मला मान्य आहे. पण नोंद स्रोत म्हणूनच होणार.”

“काका, आम्ही अंघोळ करून आलोय,” टाचणी म्हणाली.

“कुठल्या साबणानं?” बाबांनी विचारलं.

चर्चेअंती तालमीला सशर्त परवानगी मिळाली. एका वेळी एकच मुलगी. उडी बसल्या जागी मारावी. वादळ तोंडी सांगावं. संवाद कमीत कमी श्वासात म्हणावेत. भोंग्यानं प्रयत्न केला. ती कुजबुजत म्हणाली, “शीड उतरवा,” आणि ते ऐकून खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. परवानगी रद्द झाली.

आता आमच्या नाटकाच्या बाई काही मशीन नाहीत. त्या सरळ बोलतात. “महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खं नाटक मला करून दाखवा,” त्या म्हणाल्या. “नाही जमलं तर तुमच्या जागी दुसऱ्या तुकडीचं समूहगीत घेते.” ते समूहगीत मी ऐकलंय. त्यात सगळ्याजणी शेवटी एका दमात ‘स्वच्छता’ असं म्हणतात आणि एक मुलगी हमखास मागे राहते. माझ्या आयुष्यातलं पहिलं नाटक त्या गाण्याखाली गाडलं जाणार होतं. त्या संध्याकाळी मी आईकडे गेले.

“आई, माझी तालीम बंद पडलीय. काहीतरी कर ना.”

“तुझी तक्रार माझ्यासाठी महत्त्वाची आहे,” आई थंड भेंडी चावत म्हणाली.

“आई, मी तुझी मुलगी आहे!”

“हो गं राणी. पण तू संबंधित विभागाशी बोल.”

“संबंधित विभाग म्हणजे कोण?”

“बाबा.”

“बाबा म्हणाले, आईशी बोल.”

“मग तुझी तक्रार अगदी योग्य मार्गानं चाललीय,” आई म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवणार होती, पण केसांतून कोंडा उडेल म्हणून थांबली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे मावशीकडे गेलो, आणि बसमध्ये बाबांना साक्षात्कार झाला. ते दांड्याला लटकून मोबाइल बघत होते. अचानक ओरडले, “उतरला! आकडा उतरला!” अख्ख्या बसला वाटलं यांच्या मुलाचा ताप उतरला. एका काकूंनी त्यांना बसायला जागा दिली.

घरी आम्ही कुणीच नव्हतो. कुणी चालत नव्हतं, कुणी खात नव्हतं, केस विंचरत नव्हतं, धूळ गुपचूप खाली बसत होती, आणि आकडा पहिल्या दिवसाहूनही लहान झाला होता. बाबांनी हिशेब मांडला. कांदा बंद केला, थोडा फरक पडला. बाम बाहेर काढला, थोडा पडला. मुली बंद केल्या, बराच पडला. आपण सगळेच बाहेर पडलो, तर परिपूर्ण! एवढी वर्षं झाकणात मुरलेला माणूस, त्याला हे कळायला नको? बरणी स्वच्छ राहते ती रिकामी असली की.

“म्हणजे घाण आपणच होतो तर,” आई म्हणाली. तिच्या आवाजात अपमान नव्हता. मूळ कारण सापडल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर आदर्श झालं. सकाळी आम्ही अंग चोरून उठायचो, भराभर बाहेर पडायचो, दार ‘टप्’ करून लागायचं. संध्याकाळी कामावरून, शाळेतून परतायचं ते घरी नाही, तर समोरच्या बसथांब्यावर. तिथल्या बाकावर आम्ही ओळीनं बसायचो आणि बाबा मोबाइल मधोमध धरायचे. समोर आमच्याच हॉलची बंद खिडकी, तिच्या काचेमागे मशीनचा हिरवा दिवा. बस यायची, आमच्या तोंडावर काळा धूर सोडायची आणि जायची.

“काय हवा आहे!” बाबा खोकत खोकत म्हणायचे. “बघ, बघ, आकडा अजून उतरला!”

“तुम्हाला इथे बरं वाटतंय का, अप्पा?” आई विचारायची.

“झकास,” अप्पा गुडघ्याला बाम चोळत म्हणायचे. “इथे कुणी रुसत नाही.”

एका कुटुंबानं रोज बसथांब्यावर बसावं आणि एकही बस पकडू नये, हे लोकांच्या नजरेत भरणारच. सोसायटीचे अध्यक्ष चौकशीला आले. बाबांनी त्यांना आकडा दाखवला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर ते दुःख उमटलं जे शेजाऱ्याकडे नवी गाडी आली की उमटतं. आठवड्यात त्यांच्याकडे मशीन आलं. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे, मग सगळ्यांकडेच. बाक पुरेना. लोकांनी खुर्च्या, चटया, एकानं तर सोफा खाली आणला. संध्याकाळ झाली की अख्खी इमारत रिकामी, अख्खा फुटपाथ भरलेला, आणि सगळ्यांची डोकी मोबाइलमध्ये.

“तुमचा किती?”

“कालच्यापेक्षा कमी आहे.”

“आमचा त्याहून कमी आहे. आम्ही मांजरसुद्धा बाहेर काढलं.”

“आमच्या सूनबाई माहेरी गेल्या ना, तेव्हापासून आकडा सुंदर आहे हो!”

अध्यक्षांनी भाषण केलं. आपल्या इमारतीची हवा परिसरात अव्वल ठरली असून, हे यश प्रत्येक रहिवाशानं घराबाहेर राहून दिलेल्या योगदानाचं आहे, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. डॉक्टरीणबाईंना खोकल्यामुळे टाळ्या वाजवता आल्या नाहीत, त्यांनी मान हलवली. इमारतीच्या दारावर पाटी लागली: ‘हवा शुद्ध आहे. कृपया बाहेर थांबा.’

आणि शुक्रवार आला. बाईंनी दिलेल्या शनिवारच्या आधीचा.

टोळी फुटपाथवर माझ्यासमोर उभी होती. भोंग्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चक्क हळू आवाजात बोलत होती. “आपलं नाटक गेलं का गं?” तिचा तो आवाज ऐकून मला रडूच फुटणार होतं. मी म्हटलं, तालीम नाही तर नाही, निदान चादर तरी उद्या शाळेत हवी. मी चावी मागितली.

“श्वास धरून जा,” बाबा म्हणाले. “चादर घे आणि ये. काही बोलू नकोस आत.”

मी वर गेले. किती दिवसांनी मी आमच्या हॉलमध्ये एकटी उभी होते. सोफा जागच्या जागी, माझी पुस्तकं जागच्या जागी, फक्त माणसं मुक्काम हलवून गेल्यासारखं. मला पाहताच जावईबापू पिवळे झाले.

तो पिवळा रंग मला सहन झाला नाही. आमच्याच घरात, आमच्याच मशीननं, मलाच नाक मुरडावं? मी त्याच्या मागे गेले आणि कुणीही कधीही उघडायचं नाही असं ते झाकण सरळ ओढून काढलं. आत फिल्टर होता. पांढराशुभ्र, पैठणी ठेवतात तसा जपून ठेवलेला. कारण तो प्लास्टिकच्या पिशवीत होता. चारी बाजूंनी घट्ट बंद, दुकानातून आला तसा. पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: वापरण्यापूर्वी पिशवी काढावी.

म्हणजे इतके दिवस यातून हवा गेलीच नव्हती! जावईबापूंना फक्त तोंड लाल करता येत होतं. काम तर त्यांनी सुरूच केलं नव्हतं.

मी जिना उतरून नाही, कोसळतच खाली आले. “बाबा! फिल्टर पिशवीत आहे!”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. “तू काढलीस पिशवी?”

“नाही.”

“हुश्श!” त्यांनी छातीवर हात ठेवला. “जीव घेतला असतास.”

“अहो बाबा, पिशवी असेल तर हवा आत जाणार कशी?”

“अगं, पिशवी काढली तर फिल्टर घाण नाही का होणार?”

अध्यक्ष जवळ सरकले होते. “तुमचा फिल्टर अजून स्वच्छ आहे?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. “आमचा तर काळाकुट्ट पडलाय हो.”

“कोरा करकरीत,” बाबा म्हणाले.

फुटपाथभर कौतुकाची लाट गेली. पिशवीची कल्पना कुणाला सुचलीच कशी नाही, यावर हळहळ व्यक्त झाली. सर्व फिल्टर तातडीनं पिशवीत घालण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पिशवी बांधताना हवा आत राहू नये म्हणून काय करावं, याचं मार्गदर्शन बाबा झाकणांच्या अनुभवावरून करतील, असं जाहीर झालं. आईनं माझा हात धरून प्रेमानं सांगितलं, “बघ, तुझ्या तक्रारीचं यशस्वी निवारण झालं.”

मी त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं. सगळी ओळखीची, शिकलेली, भली माणसं. धुरात बसलेली आणि खूश असलेली, कारण हातातल्या काचेवर सगळं छान होतं. तुम्हाला हसू येतंय ना? खुशाल हसा. पण आज सकाळी बाहेर ऊन आहे की ढग, हे तुम्ही आधी खिडकीतून पाहिलंत की मोबाइलवर? रात्री झोप कशी लागली, हे अंगाला विचारलंत की मनगटावरच्या घड्याळाला? अप्पांच्या शेजारी थोडी जागा आहे. ते सरकतील. फक्त बामाचा वास चालवून घ्या.

मी चादर खांद्यावर टाकली आणि आईबाबांच्या बरोब्बर समोर, त्यांच्या आणि मोबाइलच्या मधे उभी राहिले. टोळी माझ्या मागे आली. आवाज असा लावला, की शेवटच्या चटईपर्यंत मान वर झाली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी आता मोठी झालेय, आणि मी घरात राहायला चाललेय. या तिघी माझ्यासोबत आहेत. आम्ही खिडक्या उघडणार, कांदा परतणार, सोफ्यावरून उड्या मारणार आणि उद्यापर्यंत वादळ उठवणार. तुम्हाला आकडा बघायचा असेल तर इथे बसा. नाटक बघायचं असेल तर वर या.”